उपकारस्तुती, आगमनकाळ आणि दूरस्थ मंडळी

ख्रिस्ती उपासनावर्षाच्या शेवटी आणि आरंभी दोन प्रसंग एकमेकांना लागून येतात. एक उपकारस्तुतीचा सण, ज्याला गावाकडच्या मंडळ्यांत कापणीचा सण म्हणतात. दुसरा नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ. पहिल्यात हाती आलेल्याबद्दल देवाचे उपकार मानायचे असतात, दुसऱ्यात अजून न आलेल्याची वाट पाहायची असते. २०२० साली, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्यांना पहिला सण पूर्णपणे आणि दुसरा बऱ्याच अंशी मोबाइलच्या पडद्यावर पाळावा लागला. त्यातून एक जुना प्रश्न नव्या तातडीने पुढे आला: माणसे शरीराने एका जागी जमली नाहीत, तर जे घडते त्याला मंडळीची उपासना म्हणावे का? या प्रश्नाला सरसकट होकार देणारे आणि सरसकट नकार देणारे दोघेही होते. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, तर उत्तर दोहोंसाठी एकच निघत नाही. उपकारस्तुतीला पडदा पुरत नाही. आगमनकाळाला तो पुष्कळसा पुरतो. हा फरक का पडतो, हे समजले की दूरस्थ उपासनेची मर्यादाही समजते आणि तिची खरी कमाईही.

प्रश्न कोणत्या मातीत उभा राहिला तेही पाहायला हवे. उदाहरणासाठी परंदवडी घ्या: मावळ तालुक्यातले, सोमाटणे फाट्याच्या आत पवनेच्या खोऱ्यात वसलेले गाव. या साऱ्या पट्ट्याचे मुख्य पीक भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेले इंद्रायणी हे वाण १९८७ मध्ये आले आणि पुढे मावळची ओळखच होऊन बसले. जून-जुलैत चिखलणी आणि लावणी, दसऱ्याच्या सुमारास लोंब्या भरायला लागतात, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मग खळ्यावर झोडणी, असा इथला वर्षक्रम. याच खोऱ्यातून आता द्रुतगती मार्ग गेला आहे, तळेगावला औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि पुणे-लोणावळा लोकलच्या दोन्ही अंगांना शेती मागे हटून इमारती पुढे सरकत आहेत. पिंपरी-चिंचवडपासून लोणावळ्यापर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी बरीचशी नोकरीधंद्यासाठी बाहेरून आलेली: कोणी नगर-जालन्याकडची मराठी, कोणी केरळ, तमिळनाडू किंवा गोव्याची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १०,८०,०७३ होते, म्हणजे शंभरात एकाहून थोडे कमी. मावळात अशी मंडळी एका आळीत राहत नाही. ती आठवडाभर विखुरलेली असते आणि रविवारी एकत्र येते. जिथे शेजार नाही तिथे रविवार हाच शेजार असतो. म्हणून २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबली आणि प्रार्थनामंदिरांना कुलपे लागली, तेव्हा उपासनेबरोबर हा आठवड्यातला एकमेव शेजारही गेला.

पिकाबद्दल देवाचे उपकार मानण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. बायबलमधल्या अनुवादाच्या पुस्तकात प्रथमफळांच्या अर्पणाचा जो विधी सांगितला आहे, तो नीट पाहिला तर त्यात तीन गोष्टी एकात एक गुंतलेल्या दिसतात. शेतकऱ्याने पहिल्या उत्पन्नाची टोपली स्वतः वाहून न्यायची आणि याजकाच्या हाती द्यायची. मग आपल्या पूर्वजांची कथा मोठ्याने सांगायची: आपण भटके होतो, दास होतो, देवाने सोडवले आणि ही जमीन दिली. आणि शेवटी जमीन नसलेल्या लेव्याला आणि परक्याला सोबत घेऊन आनंद करायचा. वस्तू, कथा आणि पंगत. यांपैकी कथा तेवढी घरबसल्या सांगता येते. लेवीयच्या पुस्तकात तर शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवावीत अशी आज्ञा आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच आज्ञेच्या आधाराने. बायबलमध्ये उपकार मानणे म्हणजे मनात कृतज्ञ वाटणे एवढेच नव्हे. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात जाते, तेव्हा ते पूर्ण होते.

अर्वाचीन काळात या सणाला दोन वेगळ्या वाटांनी रूप आले. १६२१ मध्ये प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी पहिली कापणी साजरी केली. आदल्या हिवाळ्यात त्यांच्यातली जवळजवळ निम्मी माणसे दगावली होती. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय उपकारस्तुतीसाठी जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार ठरला. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये नव्या धान्याच्या भाकरीने प्रभुभोजन करण्यासाठी गावकऱ्यांना बोलावले, आणि तिथून कापणीची उपासना अँग्लिकन चर्चमध्ये पसरली. महाराष्ट्रात दोन्ही परंपरांचे मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ पासून नगर हे त्या मिशनचे मोठे केंद्र झाले. पण मराठी मंडळ्यांनी हा सण अमेरिकेच्या गुरुवारी बांधून घेतला नाही. तो पिकाला बांधला गेला: कुठे खरिपानंतर, कुठे रब्बीनंतर, जसे शिवार असेल तसा. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन कॅथलिकांचा आगेरा ऑक्टोबरात येतो आणि त्यात भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात कणसांचे फेस्त ऑगस्टातच होते. शेजारच्या हिंदू घरांत नवान्नाची पौर्णिमा आणि दाराला बांधलेले लोंब्यांचे तोरण असते. धर्म वेगळे असले तरी नवा दाणा आधी देवापुढे, मग तोंडात, ही शिस्त एकाच मातीतली आहे.

मराठी गावमंडळीतला कापणीचा सण ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा मध्यबिंदू माहीत असतो, आणि तो प्रवचनात नसतो. वेदीपुढची जागा त्या दिवशी भरून जाते. धान्याची पोती, बाजरीची कणसे, भोपळे, ऊस, नारळ, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी एखादे करडू. शेत नसलेला माणूस आपल्या हाताचे काहीतरी आणतो: विणलेली टोपली, शिवलेले झबले, लोणच्याची बरणी. उपासना संपली की या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला किंवा गरजूंना जातो. पुष्कळ ठिकाणी विकत घेणारा तीच वस्तू पुन्हा लिलावाला देतो, आणि एकच कोंबडी तीनतीनदा विकली जाते. बाजाराच्या हिशेबाने हे वेडेपण आहे. पण या लिलावात वस्तूची किंमत बाजार ठरवत नाही. ती कोणी आणली यावर ती ठरते. विधवेने आणलेल्या दोन अंड्यांना जाणूनबुजून चढी बोली लागते, आणि तिच्या दानाचा मान सर्वांदेखत होतो. देणाऱ्याला श्रीमंत-गरीब असे वेगळे उभे राहावे लागत नाही, कारण प्रत्येकाचे काही ना काही त्या ढिगात असते. उपकारस्तुतीचे सारे ब्रह्मज्ञान या गोंगाटात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जे मिळाले ते मुळात आपले नव्हते, म्हणून ते फिरत राहिले पाहिजे. आणि ते फिरताना सगळ्यांनी पाहिले पाहिजे.

२०२० चा खरीप मावळात सुखाने आला नव्हता. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने घरांची छपरे उडवली आणि फुलशेतीची हरितगृहे मोडली. ऑक्टोबरच्या मध्यात परतीच्या पावसाने पुणे जिल्ह्यात उभ्या आणि कापलेल्या पिकाचे नुकसान केले. त्यातच टाळेबंदीने कारखान्यांतली कामे गेलेली. अशा वर्षी उपकार कशाचे मानायचे, हा प्रश्न श्रद्धाहीनांनी विचारलेला नाही. तो बायबलच्या आतलाच आहे. हबक्कूक संदेष्टा अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी उणिवांची यादी देतो आणि तरीही देवाच्या ठायी उल्हास करण्याचा निश्चय सांगतो. त्याचे म्हणणे समजून घेताना एक गफलत टाळायला हवी. नुकसान हेच छुपे वरदान आहे, असे तो कुठेही म्हणत नाही. गोठा रिकामा आहे हे तो स्पष्ट सांगतो. उपकारस्तुती ही मिळकतीची पावती असती, तर वाईट वर्षी ती रद्द झाली असती. तिचा आधार देणाऱ्याशी असलेल्या नात्यात आहे, आणि म्हणून ती वाईट वर्षी करता येते. याचा दुसरा अर्थ असा की वाईट वर्षीच वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची गरज सर्वांत जास्त असते. २०२० मध्ये ती गरज वाढली आणि वाट बंद झाली.

राज्यातली प्रार्थनास्थळे मार्चपासून बंद होती. १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर घरात गेला. पाळकांनी आधी मोबाइलवर प्रवचने ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपच्या गटांत टाकली, मग यूट्यूबवर थेट उपासना सुरू झाल्या, आणि लहान मंडळ्या झूम किंवा गुगल मीटवर आल्या. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे अटींसह उघडली. म्हणजे भातकापणीचा हंगाम जवळजवळ सगळा बंद दारांच्या काळात गेला. त्यानंतर तेराच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, आगमनकाळाचा पहिला रविवार आला. दारे उघडली तरी वयस्कर माणसे आणि लहान मुले यांनी घरीच थांबावे असा सल्ला होता; नाताळच्या उपासनेला एका वेळी पन्नासच जण असावेत अशी सूचना निघाली, आणि वर्षअखेरीची मध्यरात्रीची उपकारस्तुती संध्याकाळी उरकायला सांगण्यात आले. त्यामुळे एकाच मंडळीचे दोन भाग झाले. एक मंदिरात, एक पडद्यावर.

पडद्यावरच्या उपासनेत पहिली अडचण गाण्याची आली. मराठी ख्रिस्ती उपासना गायनावर उभी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ख्रिस्ती मंडळीत रुजवले. हार्मोनियम, तबला आणि झांजा यांच्या साथीने मंडळी ‘उपासना संगीत’मधली गीते गाते, तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळतो आणि बेसूर माणूसही त्यात खपून जातो. इंटरनेटवर आवाज पोहोचायला वेळ लागतो. एकत्र वाजवणाऱ्यांना सेकंदाच्या सुमारे पंचवीस ते तीस हजारांश भागापलीकडचा उशीर सांभाळता येत नाही, आणि साध्या जोडणीवरचा उशीर याच्या कितीतरी पट असतो. सर्वांनी माइक उघडे ठेवले की ताल कोसळतो. म्हणून एक जण गातो, बाकीचे माइक बंद करून आपापल्या घरात गातात. प्रत्येकाला स्वतःचा आवाज आणि गायकाचा आवाज एवढेच ऐकू येते. शेजारच्याचा येत नाही. एका तांत्रिक मर्यादेने इथे फार नेमके दाखवून दिले की मंडळीच्या गायनात नक्की काय असते: प्रत्येक जण देवाला उद्देशून गात असतो आणि त्याच वेळी शेजाऱ्याच्या आवाजाचा आधार घेत असतो. पहिली गोष्ट पडद्यावर टिकली.

अर्पणाचे त्याहून वाईट झाले. दशांश आणि उपकारस्तुतीचे दान क्यूआर कोडवरून पाठवता येते, आणि पैसा खरोखर पोहोचतो. ज्या मंडळ्यांनी तो लगेच धान्यवाटपाला लावला त्यांनी अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या कामाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण बँकेच्या खात्यात पोहोचलेली रक्कम म्हणजे वेदीपुढची टोपली नव्हे. ती कोणी पाहत नाही. दोन अंडी आणणाऱ्या विधवेला फोनवरून पाठवण्यासारखे काही नसते, आणि असले तरी तिच्या दानाला चढी बोली लावून तिचा मान करण्याची सोय ॲपमध्ये नाही. दान देणारे आणि मदत घेणारे असे दोन गट पडतात, आणि हाच भेद मिटवणे हे कापणीच्या सणाचे काम होते. परक्याला सोबत घेऊन केलेली पंगतही पडद्यावर होत नाही. सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर आपापले ताट घेऊन जेवणे ही पंगत नव्हे, कारण पंगतीत वाढणारा असतो आणि ज्याच्या घरी आज काही शिजले नाही तोही पोटभर जेवतो.

याच प्रश्नाचा दुसरा चेहरा त्या वर्षी मावळच्या शेजारीच दिसला. देहूहून तुकोबांच्या आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका ३० जून २०२० ला एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. वारकरी घरी राहिले. पुढे कार्तिकी एकादशी २६ नोव्हेंबरला आली, तेव्हाही पंढरपुरात संचारबंदी होती. तोच दिवस अमेरिकेतल्या उपकारस्तुतीचा गुरुवार होता. त्या दिवसापुरती झूमने फुकट सभांवरची चाळीस मिनिटांची मर्यादा जगभर उठवली होती, कारण लाखो कुटुंबे पडद्यावरच भेटणार होती. वारकऱ्यांनी त्या वर्षी जो विवेक दाखवला तो ख्रिस्ती प्रश्नालाही उजेड देतो. नाम घरी घेता येते, नामाला अंतर नाही, हे संतांनीच शिकवलेले. म्हणून वारी चुकली तरी भक्ती चुकली नाही. पण घरी घेतलेल्या नामाला कोणी वारी म्हटले नाही. चालणे, भेटणे, एकमेकांच्या पाया पडणे हे त्यात नव्हते, आणि ते नव्हते असे सरळ सांगितले गेले. नाम सर्वत्र पोहोचते. प्रसाद मात्र कोणीतरी हातावर ठेवावा लागतो. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मानत. त्यांच्या वारसांना हा भेद उसना घ्यावा लागत नाही. तो त्यांच्या घरातलाच आहे.

आगमनकाळाची घडण वेगळी. त्याची मुळे पाचव्या-सहाव्या शतकातल्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, सापडतात. तिथे ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसापासून नाताळपर्यंत उपासाचे दिवस पाळले जात. रोममध्ये पुढे चार रविवारांची परंपरा स्थिरावली. जांभळा रंग, संयम, आणि कॅथलिक परंपरेत तिसऱ्या रविवारी थोडा आनंदाचा गुलाबी. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जाण्याची रीत मात्र अलीकडची: १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधल्या अनाथाश्रमात योहान हिन्रिख विखर्न यांनी नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावे म्हणून मेणबत्त्यांचे जे चक्र केले, त्यातून ती आली. या काळाचा आशय दुहेरी आहे. बेथलेहेममध्ये झालेल्या जन्माची आठवण, आणि ख्रिस्त पुन्हा येईल याची वाट. पहिल्या आगमनाची गोष्ट लोकांना प्रिय. दुसऱ्याबद्दल बोलायला पुष्कळ मंडळ्या अवघडतात. पण आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची वाचने परंपरेने दुसऱ्याच आगमनाची असतात: जागे राहा, घरधनी कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही.

वाट पाहणे हाच ज्या काळाचा विषय, त्याला अनुपस्थिती अडथळा होत नाही. उलट ती त्याची सामग्री होते. जो समोर आहे त्याची वाट कोणी पाहत नाही. २०२० च्या आगमनकाळात मंडळी एकाच वेळी दोन वाटा पाहत होती, ख्रिस्ताची आणि एकमेकांची, आणि दुसरीने पहिलीला अर्थ दिला. एरवी आगमनकाळ म्हणजे नाताळच्या खरेदीचा, कॅरलच्या तालमींचा आणि करंज्या-कुकीजच्या तयारीचा घाईगर्दीचा महिना. त्या वर्षी तालमी नव्हत्या, रात्री घरोघरी फिरणारी कॅरलची टोळी नव्हती. मेणबत्त्यांचे चक्र मंदिरातून घरात आले. स्वयंपाकघरातल्या ताटात चार मेणबत्त्या उभ्या राहिल्या, आणि त्या पेटवताना म्हणायची प्रार्थना पाळकाऐवजी घरातल्या आजीने किंवा शाळकरी मुलाने म्हटली. मुलांसाठी सुरू झालेली रीत पुन्हा मुलांच्या हाती गेली. वचन ऐकणे, प्रार्थना करणे, मौन पाळणे, वाट पाहणे: यांतले काहीही पडद्यामुळे खोटे ठरत नाही. पडदा हे दार आहे आणि त्यातून कोणी आत येऊ शकत नाही, याची रोज जाणीव होणे हे आगमनकाळाच्या शिकवणीला धरूनच होते. इथे एक सावधगिरी मात्र हवी. प्रतीक्षा भेटीसाठी असते. भेटीची गरजच वाटेनाशी झाली, तर जी उरते ती सवय. तिला आगमनकाळ म्हणता येणार नाही.

२०२० च्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आणखी एक योग होता. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. तोही आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट अशा सहा परंपरा त्या दिवशी एक झाल्या. अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्याही याच प्रवाहातून तिच्यात आल्या. त्या ऐक्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली तो दिवस अंतर राखण्याचा होता. ऐक्य म्हणजे एका छताखाली असणे नव्हे, हे या मंडळीला तिच्या जन्मापासून ठाऊक आहे. वेगवेगळ्या छतांखालची माणसे एका भाकरीला हात लावू शकली, हाच १९७० च्या कराराचा गाभा होता. त्यामुळे पडद्यावरच्या उपासनेचा खरा पेच प्रभुभोजनापाशी येतो.

कॅथलिक चर्चची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. २००२ मध्येच, समाजसंपर्कासाठीच्या परमधर्मपीठीय समितीने इंटरनेटवरच्या निवेदनात, आभासी अनुभव हा मिस्सातल्या ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही असे म्हटले होते. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस रिकाम्या संत पीटर चौकात एकट्याने प्रार्थना करताना जगाने पडद्यावर पाहिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ एप्रिलला, त्यांनीच प्रवचनात बजावले की मंडळी आणि संस्कार यांच्याविना पडद्यावरची श्रद्धा ही संकटातली तडजोड आहे, तेच चर्चचे रूप नव्हे. संस्कार न मिळणाऱ्यांसाठी आध्यात्मिक सहभागाची प्रार्थना आहे आणि तिला जुना इतिहास आहे. अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याच्या प्रभुभोजनाबाबत दोन सूचना आहेत: जो खऱ्या पश्चात्तापाने आणि विश्वासाने असूनही आजारपणामुळे घेऊ शकत नाही, तो आत्म्याने सहभागी होतोच, आणि साथीच्या भीतीने शेजारी येईनासे झाले, तर पाळकाला एकट्यानेच आजाऱ्याबरोबर प्रभुभोजन घेता येते. साथ हा चर्चला नवा अनुभव नव्हता. काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी वेगळा मार्ग धरला. घरी भाकर आणि द्राक्षरस ठेवा, पाळक पडद्यावर वचने म्हणतील, सगळे एकाच वेळी घ्या, असे त्यांनी सांगितले. त्यांचा युक्तिवाद असा की देवाच्या आत्म्याला केबलचे अंतर नसते. ते खरे आहे. पण प्रश्न आत्म्याच्या आवाक्याचा नाही, भाकरीच्या एकपणाचा आहे. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेतल्या उपकारस्तुतीत अशी कल्पना आहे की ही भाकर एकदा डोंगरांवर विखुरलेल्या दाण्यांची होती, ते गोळा होऊन एक झाले, तशी मंडळीही पृथ्वीच्या टोकांपासून गोळा होवो. मावळच्या डोंगरउतारावर भात पाहिलेल्याला ही प्रार्थना समजवावी लागत नाही. प्रत्येक घराने आपापल्या पुड्यातली भाकर घेतली, तर दाणे विखुरलेलेच राहतात. म्हणून वचनासाठी जमलेली दूरस्थ मंडळी खरी, आणि प्रभुभोजनापुरते थांबणे हेच तिला शोभणारे, असे म्हणणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम वाटते. तो उपास आगमनकाळाच्या स्वभावालाही साजेसा होता.

पत्रांतून चालणारी मंडळी हा काही नवा शोध नाही. पौलाने करिंथच्या आणि कलस्सैच्या लोकांना शरीराने दूर, आत्म्याने जवळ असल्याचे कळवले. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा लेखक शाई आणि कागदावर भागवण्यापेक्षा समोरासमोर भेटण्याची इच्छा सांगून थांबतो. दोन्ही गोष्टी एकाच नव्या करारात आहेत, आणि एकीने दुसरी खोडलेली नाही. महाराष्ट्रात १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने दूरच्या खेड्यांतल्या एकट्यादुकट्या विश्वासणाऱ्यांपर्यंत उपदेश नेला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताच्या भोवती जमणारे लोक चर्चच्या भिंतींच्या हिशेबात मावत नाहीत हे त्यांना दिसले होते. पडद्यावरच्या उपासनेत कोणाच्याही नजरेत न येता मागे बसून ऐकणारे अनेक जण आले. ज्यांना मंदिराच्या पायऱ्या चढताना घरच्यांची, शेजाऱ्यांची भीती वाटते त्यांना हे दार सोपे गेले. त्यांचा विचार न करता दूरस्थ उपासना बंद करणे हा दरबाराच्या आठवणीवर अन्याय होईल.

ज्यांना पडद्याने खरोखर काही दिले त्यांत म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसे पहिली. साथीच्या आधीही ती मंडळीला येऊ शकत नव्हती. फरक एवढाच की २०२० पर्यंत त्यांच्यापर्यंत उपासना न्यावी असे कोणाला फारसे सुचले नव्हते. सगळेच घरी अडकले तेव्हा सोय निघाली, हे मंडळ्यांनी प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवे. दुसरी परदेशी गेलेली मुले. मावळात संध्याकाळी साडेसात वाजता उपासना ठेवली, तर नोव्हेंबरात लंडनला दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिन्ही ठिकाणची माणसे जागी असतात. अमेरिकेतल्या घराला उपकारस्तुतीच्या गुरुवारी सुट्टी असते, गावाकडच्या घरी भाताची झोडणी झालेली असते, आणि दोन्ही घरे एकाच प्रार्थनेत येतात. पूर्वजांची कथा मोठ्याने सांगण्याचा जो भाग त्या जुन्या विधीत होता, तो इथे चांगला साधतो: आजोबा सांगतात, नातवंडे हजारो मैलांवरून ऐकतात, आणि आपण कुठून आलो हे त्यांना मराठीत कळते.

२०२१ च्या वसंतात दुसरी लाट आली, दारे पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. त्या वर्षीची भातकापणी उघड्या दारांच्या काळात आली. तेव्हापासून अनेक मंडळ्यांत दोन्ही रीती शेजारी चालतात. मंदिरात उपासना, आणि तिवईवर ठेवलेल्या फोनवरून ती घरी असलेल्यांसाठी. या जोडव्यवस्थेत आगमनकाळाची एखादी संध्याकाळ पूर्णपणे पडद्यावर ठेवायला हरकत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, कारखान्याच्या पाळ्या सांभाळून, विखुरलेल्या माणसांना ती सोयीचीही पडते. कापणीचा सण मात्र पडद्यावर नुसता दाखवून भागत नाही. घरी असलेल्याला तो तमाशासारखा पाहायला मिळतो, त्याची टोपली मात्र तिथे नसते. यावरचा उपाय तंत्रात नाही, आणि तो फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टरने रोममधल्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. उपकारस्तुती होऊन भाकर वाटली गेली की जे आलेले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी घेऊन जात, आणि ऐपत असलेल्यांनी स्वेच्छेने दिलेले दान अध्यक्षांकडे ठेवून त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांचा सांभाळ होत असे. हा क्रम आजही मोडण्याचे कारण नाही. उपासनेच्या आधी कोणीतरी त्या म्हाताऱ्या बाईच्या घरी जाऊन तिने बाजूला काढलेले पायलीभर तांदूळ आणायचे, ते तिच्या नावाने वेदीपुढे ठेवायचे आणि लिलावात त्यांना बोली लावायची, ती तिने फोनवर ऐकायची. आणि उपासना संपल्यावर त्याच माणसाने तिचा वाटा घेऊन पुन्हा तिच्या दारात जायचे.